काचेच्या घरातला पाहुणा

उताण्या पडलेल्या कोळ्याला मी सुलटा केला आणि मग पुन्हा उताणा करून त्याच्या पोटावर कोमट खोबरेल तेल सोडलं. माझ्या हातून झालेल्या मूर्खपणांत याचा नंबर पहिला. तसा मूर्खपणा मी पुष्कळ केला. लग्नात उखाणा घेताना नवऱ्याऐवजी सासऱ्यांचं नाव घेतलं, नवी सून म्हणून आमटीत गूळ घालायला गेले आणि कपड्यांच्या साबणाचा खडा घातला. ते सगळे किस्से हसत हसत सांगता येतात, मी सांगतेही. हा मात्र आजवर पोटात ठेवला. परवा नात म्हणाली, "आजी, तुला प्राण्यांचं इतकं वेड, तू प्राण्यांची डॉक्टर का नाही झालीस?" मी म्हटलं, बाई गं, जव्हारच्या जनावरांचं नशीब थोर, म्हणून नाही झाले. ती हसली. मी नाही हसले. रात्र सरली तरी कोळी डोळ्यांपुढून हलेना, म्हणून आज लिहायला बसले आहे.

त्या वर्षी मी दहावीच्या गणितात आपटले होते. वय सोळा, अक्कल सहाची, आणि तोरा साठीचा. बाजाराच्या मागच्या गल्लीत आमच्या दोन खोल्या होत्या, पुढे अरुंद ओटा आणि ओट्यावर एका पत्र्याच्या डब्यात तुळस. बाबा कचेरीत कारकून. आईचा आवाज मोठा, इतका की ती घरात भाजी चिरताना बोलली तर समोरच्या घरातून उत्तर यायचं. माझ्यानंतर तिची तीन अर्ध्यात गेली होती. सोळा वर्षांनी एक नऊ महिने टिकलं. घरात डिंक येऊन पडला, अळीव आले, आईनं जुन्या लुगड्यांची आठ दुपटी शिवली, मऊ, पुन्हा पुन्हा धुऊन आणखी मऊ केलेली. आणि एका दुपारी ती दवाखान्यातून रिकाम्या हातानं घरी आली, छाती पंच्यानं घट्ट बांधलेली, आणि आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून निजली.

नंतर जे दिवस आले ते मला आवाजांवरूनच आठवतात, कारण घरात आवाज उरलाच नव्हता. बाहेरचे तेवढे यायचे. शेजारच्या उस्मानचाचांच्या दुकानात तसबिरींच्या चौकटींना चुका ठोकल्याची टकटक. जीपवाल्यांची हाळी, "मोखाडाऽ, खोडाळाऽ, चला एक शीट, एक शीट!" दुपारी तापलेले पत्रे तडकायचे, तेही ऐकू यायचे. आई बोलायची नाही, रडायचीही नाही. स्वयंपाक माझ्याकडे आला. माझी नाचणीची भाकरी एका बाजूनं कच्ची आणि दुसऱ्या बाजूनं कोळसा व्हायची. सोबत सुकटीची चटणी, तीत सुकट कमी आणि कच जास्त. बाबा निमूट खायचे आणि रोज एकच वाक्य म्हणायचे, "मीठ बरोबर पडलंय." एके दिवशी मी मीठ घालायलाच विसरले, तरी म्हणाले. तेव्हा वावर गावाकडची पोरं भुकेनं दगावल्याच्या बातम्या पेपरात येत होत्या. बाबा तो पेपर घडी घालून खिशात ठेवत, आईच्या नजरेला पडू देत नसत. मी आईपुढे ताट ठेवायचे आणि तासाभरानं तसंच उचलायचे. हाताची हाडं दिसायला लागली होती तिची. बाया ओट्यावर येऊन हळू आवाजात म्हणायच्या, "अशानं ही पण जायची." मी आतून ऐकायचे आणि चुलीत उगाच फुंकर मारत बसायचे, म्हणजे डोळ्यांतल्या पाण्याला धुराचं नाव देता यायचं.

बाजाराच्या दिवशी दाभोशाहून जाणीबाई यायची. जीपच्या टपावर टोपली टाकून, कधी आवळे, कधी कंद, कधी नागली. बाजार आटोपला की आमच्या ओट्यावर टेकायची, आई तिला चहा द्यायची आणि दोघी तासभर मोठमोठ्यानं बोलायच्या. आता चहा मी द्यायचे. ती आत डोकावून विचारायची, "बाई उठली काय?" मी मान हलवायचे. "माझी दोन गेली," ती म्हणायची, "तिसऱ्या दिशी मी कामाला गेले. घरी बसून काय करू? पण तिचं येगळं. तिला बसाय घर हाय ना." हे ती टोमणा म्हणून म्हणाली की कौतुक म्हणून, ते मला आजही कळलेलं नाही. एकदा मी तिला म्हटलं, "जाणीबाई, मला राघूचं पिल्लू आणून दे ना. बोलणारं." माझा हिशेब साधा होता, की घरात कुणीतरी बोलायला लागेल. गणितात नापास झाले ते उगाच नाही.

पुढच्या बाजाराला जाणीबाईनं आत चुलीपाशी येऊन टोपलीतून बांबूची एक नळी काढली, तोंडाला पानांचा बोळा. "राघू नाय घावला. हा घे."

"हा काय?"

"कंद खणताना बिळातून निघाला. भुईतला कोळी. बोलत नाय, पन भांडत पन नाय."

तिनं बोळा काढून नळी परातीत उपडी केली. आधी काहीच नाही. मग दोन पाय आले, चाचपत, आंधळ्यानं उंबरा चाचपावा तसे, आणि पाठोपाठ सगळा जीव. पाय पसरल्यावर माझ्या तळहाताएवढा, तपकिरी काळा, अंगभर लव. मी किंचाळून चुलीच्या ओट्यावर चढले. जाणीबाई पोट धरून हसली. "चावतो काय?" मी वरूनच विचारलं. "हात घातला तं चावंल. तू घालू नको." एवढं सांगून ती चहा पिऊन गेली. माझ्या शिक्षणाला एवढा एकच धडा मिळाला, आणि शेवटी मोडला तोही मीच.

का ठेवला मी तो? त्या घरात माझ्या हातून काहीच जगत नव्हतं, हे एक कारण असावं. तुळससुद्धा माझ्या पाण्यानं पिवळी पडत होती. मला काहीतरी जगवून दाखवायचं होतं. आधी मी त्याला डालड्याच्या डब्यात कोंडला, मग उस्मानचाचांकडे गेले. ते काचेवर हिरा फिरवून पट्ट्या कापत होते.

"चाचा, मला काचेचं घर पाहिजे."

"मासे पाळणार काय गं?"

"कोळी."

त्यांनी हिरा खाली ठेवला, उठून आमच्या ओट्यावर आले आणि डब्यात वाकून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पोरी, ह्याला मारायचा नाही हां. आमच्यात कोळ्याला मारत नाहीत. गुहेच्या तोंडावर जाळं विणून त्यानं आमच्या पैगंबरांना राखलंय." दोन दिवसांत त्यांनी उरल्या काचांची एक पेटी जोडून दिली. कडांना तसबिरीची सोनेरी पट्टी, वर तारेच्या जाळीचं झाकण, त्याला कडी. एखाद्या देवालाही इतकं नीट घर मिळत नाही.

त्या घरात मी जी सजावट केली ती आठवली की आजही तोंड लपवावंसं वाटतं. खाली कापूस. एका कोपऱ्यात बाहुलीची खाट, दुसऱ्या कोपऱ्यात फुटक्या बांगड्यांची कमान. वाटीत साखर घातलेलं दूध, बशीत भाताची चार शितं. आणि अंथरायला, कपाटातल्या आठांपैकी एक दुपटं. मी ते मुद्दाम घेतलं नव्हतं. मऊ होतं म्हणून घेतलं, बस. सोळा वर्षांच्या पोरीची नजर वितीपलीकडे जात नाही. पेटी उन्हात ठेवली, त्याला ऊब मिळावी म्हणून. कोळी बिचारा चारी भिंतींना चाचपून दुपट्याच्या घडीखाली जाऊन बसला आणि थिजला. आज नात फोनवर दाखवते, परदेशात लोक हे प्राणी कसे पाळतात ते. वीतभर माती, सावली, पाण्याचं झाकण, आणि मुख्य म्हणजे माणसानं हात आवरायचा. मी ते बघते आणि म्हणते, बंद कर गं, डोळे दुखतात.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी पेटी आत आणली, आईच्या खोलीत, खिडकीपाशी. मागून आवाज आला. इतक्या आठवड्यांत न वापरलेला, गंजलेला आवाज.

"ते दुपटं काढ त्यातनं."

मी वळले. आई कोपरावर उठून बसली होती.

"बिळातला जीव तो. त्याला माती लागते."

मी दुपटं काढलं, आईनं ते माझ्या हातून घेतलं, झटकलं, घडी घातली आणि उशाखाली ठेवलं. मग ती भिंतीला धरत ओट्यावर गेली आणि मेलेल्या तुळशीचा डबा उपडा केला. आम्ही दोघींनी पेटीत वीतभर माती भरली. आईनं पाणी शिंपडून ती दाबली, एका कडेला काचेला लागून बोटानं तिरपं भोक पाडलं. बाहुलीची खाट तिनं दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. ओठाचा कोपरा जरा हलला. हसू नव्हतं ते, पण हसू राहायचं ती जागा तिला अजून आठवत होती. संध्याकाळपर्यंत कोळी भोकात शिरून माती उकरत होता, तोंडानं एकेक ढेकूळ बाहेर आणून टाकत होता. आई बघत बसली. बाबा कचेरीतून आले, तिला बसलेली पाहिली आणि चपला न काढताच दारात उभे राहिले.

पुढचा महिना दीड महिना आमच्या घराला पुन्हा घर म्हणता आलं असतं. आई त्याला पाहुणा म्हणायची. "पाहुणा उठला का?" "पाहुण्याला पाणी ठेवलंस?" बाटलीच्या झाकणात पाणी ठेवायची युक्ती तिचीच. जेवणाचा प्रश्नही तिनंच सोडवला. दूधभात बघून ती म्हणाली, "सुमे, तो काय श्रावणी सोमवार करतो?" आणि स्वतःच्या भाकरीसाठी न उठणारी माझी आई मोरीत झुरळामागे धावली. मी ओरडत होते, "चप्पल नको, आई, जिवंत पाहिजे!" तिनं पेल्याखाली झुरळ धरलं, खालून पुठ्ठा सरकवला आणि पेटीत सोडलं. पाहुणा बिळाच्या तोंडाशी दगड होऊन बसला होता. झुरळ जवळून गेलं आणि पापणी लवायच्या आत ते त्याच्या तोंडात होतं. आईनं सुस्कारा सोडला आणि म्हणाली, "जेवला बाई." मी लबाड, लगेच सौदा केला. पाहुणा जेवेल त्या दिवशी तूही अर्धी भाकरी खायची. ती खायला लागली. बाबांनी एकदा तर सांगितलं, भाकरी करपलीय. ते ऐकून मला इतका आनंद झाला की मी आत जाऊन रडले.

मग पाहुण्यानं जेवण सोडलं.

पहिले दोन दिवस आम्ही मनावर घेतलं नाही. आठवडा गेला. झुरळ त्याच्या पायांवरून फिरलं तरी त्याला पत्ता नाही, उलट तोच मागे सरकायचा. पोट काळंभोर आणि टणटणीत दिसायला लागलं, अंगाची लव विटली. मी टोळ आणले, दिव्यावरचे पतंग आणले, खाटकाकडून काळजाचा तुकडा आणून दोऱ्याला बांधून त्याच्यापुढे नाचवला. शेवटी त्याची दृष्टसुद्धा काढली. मीठमोहरी घेऊन, काचेभोवती तीनदा ओवाळून, "आल्यागेल्याची, भुताखेताची" असं सगळं म्हणत, आठ पायांच्या जिवावरून. हसा, हसा. मीही हसते. पण तेव्हा माझ्या मागं आई बसलेली असायची आणि तिचं ताट पुन्हा तसंच परत यायला लागलं होतं. मी पुढे केलेली भाकरी तिनं एकदा हातानं दूर सारली. "त्यालाही नकोय बघ," ती म्हणाली. रागानं नाही, रडून नाही, पाऊस नाही आला असं सांगावं तसं. आणि तिनं पुन्हा भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या क्षणापासून माझ्या डोक्यात एकच पक्कं झालं. हा गेला की ती जाणार.

शिमग्याच्या आधीची एक दुपार. आईचा डोळा लागला होता. मी पेटीपाशी गेले आणि आत वाकून बघितलं. बिळाच्या तोंडाशी त्यानं पांढऱ्या जाळ्याची एक चटई विणली होती आणि तिच्यावर तो उताणा पडला होता. आठही पाय वर, अर्धे मिटलेले. मधूनच एखादा पाय थरथरायचा. मरणाची थरथर, दुसरं काय? आई उठायच्या आत काहीतरी करायला हवं होतं. मी कडी काढली, भाताच्या पळीनं त्याला सुलटा केला. तो तसाच कलंडला. आता आमच्या घरात कान दुखो, घोटा सुजो, पोटात वारा धरो, एकच औषध, कोमट तेल. मी वाटीत खोबरेल कोमट केलं, कापसाचा बोळा भिजवला, त्याला पुन्हा उताणा केला आणि पोटावर तेल पिळलं. थेंब थेंब, अगदी प्रेमानं. कोळी पोटाखालच्या फटींनी श्वास घेतो हे मला कोण सांगणार? त्या फटीच मी बुजवल्या. तेवढ्यात कडेनं मला दिसलं की त्याची पाठ छातीपाशी फाटली आहे आणि फटीतून काहीतरी फिकं, ओलं, दुधाळ बाहेर येतंय. मला वाटलं, आतडं. ते आत ढकलावं की काय, असाही विचार मी केला. मग आखडलेला एक पाय सरळ करायला म्हणून चिमटीत धरला आणि जरा ओढला. तो माझ्या बोटांत आला. तुटल्या जागी निळसर पाण्यासारखा एक थेंब जमला. बाकीच्या पायांची थरथर हळूहळू कमी होत गेली, आणि मी तेलकट बोटांत तो पाय धरून बघत राहिले.

आई उठली तेव्हा पेटीवर फडकं होतं. "पाहुणा?" तिनं विचारलं. "बिळात गेलाय, निजलाय," मी म्हटलं. दोन दिवस मी ते फडकं तसंच ठेवलं. दोन दिवस आईनं नुसत्या चहावर काढले, आणि मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

तिसऱ्या दिवशी बाजार होता. जाणीबाई आली, आत येऊन आईच्या उशाशी टेकली, आणि तिची नजर भिंतीवरून पेटीकडे चाललेल्या मुंग्यांच्या रांगेवर गेली. मी पुढे होईपर्यंत तिनं फडकं उचललं होतं. झाडूची एक काडी काढून तिनं पाठीवरचं फाटलेलं सोडवलं. एक पोकळ, कोरडं कवच वर आलं, लवेसकट. खाली जो होता तो कोवळा, फिकट, बाळसं धरल्यासारखा, तेलानं चिकटलेला, सात पायांचा.

"अगं, ह्याला काय केलंस?"

"तो मरत होता," मी म्हटलं. "उताणा पडला होता. जेवत नव्हता."

"मरत व्हता? कात टाकीत व्हता गं तो. सापावानी. उताना पडूनच टाकतो, आन त्याच्या आधी काय पन खात नाय. तसाच ऱ्हाऊ दिला असता, तं सांजेला उठून बसला असता, चांगला मोठा होऊन." तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि जीभ चावली. "जाऊ दे. तुला काय ठावं." टोपली उचलून ती चहा न घेताच गेली.

मला वाटलं मी रडेन, पण रडू आधी येईना. मी नुसती बोलत सुटले. मला वाटलं मेला, मला वाटलं आतडं आलं बाहेर, मला वाटलं तू उठशील आणि बघशील, मला वाटलं, मला वाटलं. मग कोंडलेलं सगळं एकदम फुटलं आणि मी पेटीच्या काचेवर कपाळ टेकून हुंदके द्यायला लागले. मागं अंथरूण सरकल्याचा आवाज झाला. आई येऊन माझ्याजवळ जमिनीवर बसली. तिनं माझा हात ओढून मांडीवर घेतला, पदरानं बोटं पुसली, एकेक. बाळाबद्दल ती तोवर एक अक्षर बोलली नव्हती, ना बाबांशी, ना ओट्यावरच्या बायांशी. पेटीकडे बघत, अगदी हळू, ती म्हणाली:

"गप, सुमे. तुझा जिवंत होता नि तुला वाटलं मेला. माझा दोन दिवस पोटात हलला नव्हता, मला वाटलं दमून निजलाय. मी पोटावर हात ठेवून त्याला निजू दिलं."